बारदान वजा

मार्केट यार्डात, हळदीच्या पेठेत
एकतीस वर्षं मी तोलाईदार होतो.
शेतकरी पोती मोजायचा, अडत्या पैसे,
आणि दोघंही बघायचे माझ्या तोंडाकडं.
मी फक्त आकडा बोलायचो.

पेढी मोडली तेव्हा मालक म्हणाले,
अण्णा, काय नेता आठवण म्हणून?
मी काटा मागितला.
आता तो विश्रामबागेत, आमच्या जिन्याखाली.
वर्षभर त्याच्यावर हिची तांदळाची बरणी.

दिवाळीला बरणी उतरते.

भरतेश कॅलगरीहून आला, तीन वर्षांनी.
त्रिशला जामनगरहून, जावयांना रजा नाही,
मिरज स्टेशनावर एकटीनं चार बॅगा आणि एक पोरगा उतरवला.
सन्मती मस्कतहून आलाच नाही;
त्याचा फोन लाडवाच्या डब्याला टेकवून ठेवलाय,
तोही बसतो पंगतीला,
मधेच तोंड उघडं ठेवून गोठतो,
आणि ही डब्याला म्हणते, अरे, गिळ आधी.

त्रिशलाचा अर्हम मला नाना म्हणतो,
भरतेशची मिहिका ग्रँपा.
मी दोन्हींना ओ देतो.
त्या दोघांचं भांडण कुठल्या भाषेत चालतं
ते मला अजून कळलेलं नाही,
पण शिव्या मराठीत आहेत. दोन दिवसांत शिकली.

पाडव्याला सकाळी मी धडा बघून घेतला,
वही काढली.
अर्हम : साडेएकतीस.
मिहिका चढली ती बूट, घड्याळ, जाकीट घालूनच.
म्हटलं, बारदान वजा करावं लागेल.
बारदान म्हणजे काय?
पोत्याचं वजन, बाय. माल तेवढाच धरायचा.
तिनं जाकीट काढलं. बूट काढले. घड्याळ काढलं.
केसातली पिन काढून माझ्या हातात दिली,
मग विचारलं, अँड द चकली?
म्हटलं, खाल्लेली? तो माल.

पंचवीस किलो दोनशे.
मागची नोंद : चौदा तीनशे.
झोपली होती तेव्हा, आईच्या कडेवर,
आईचं बारदान वजा केलेलं.
मधले जवळजवळ अकरा किलो
कुठल्या दुधानं चढले,
किती तापात उतरले, परत चढले,
ते माझ्या वहीत नाही.

मग निघायची संध्याकाळ.
बॅगा काट्यावर.
विमानाला तेवीस चालतात, वर एक नाही.
हिनं हळद भरलेली, भडंग भरलेलं,
तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी,
आणि मोज्यांत गुंडाळून लोणच्याची बाटली.
भरतेश म्हणाला, अण्णा, बघा बरं.
ही माझ्या तोंडाकडं बघत होती.
दांडीनं चोवीस सातशे दाखवले.

मी म्हणालो, तेवीस.
बरोबर तेवीस.

रात्री दोनला मुंबईहून फोन.
अण्णा, तुमचा काटा चुकला,
पावणेदोन किलो जास्त भरली.
मग काय काढलंस?
बूट. आणि एक फाईल.
हळद?
हळद आहे. भडंग मिहिकानं फोडलं, इथंच, रांगेत.
मी म्हणालो, जुना झालाय रे काटा.

ही जागीच होती.
अंधारात म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
मी म्हणालो, झोप.

सकाळी बरणी परत ठेवायच्या आधी
एकदा धडा बघितला.
दांडी सरळ.
शून्य म्हणजे शून्य.